गाळ्याच्या गच्चीवर पवनचक्की

तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटचा महाराष्ट्रातल्या वाऱ्याच्या दोन मुलखांशी रोजचा संबंध आहे. आंब्याच्या हंगामात फळबाजारात देवगडच्या हापूसच्या पेट्या उतरतात. त्याच देवगडच्या किनाऱ्यावर १९८६च्या सुमारास राज्यात वाऱ्यापासून वीज करण्याचे सुरुवातीचे प्रयोग झाले. तेव्हाची यंत्रे ५५ किलोवॅटची होती. पेट्या आणि गोणी पाठीवर वाहणाऱ्या माथाडींपैकी कितीतरी जण पाटण आणि जावळीकडचे. पाटणच्या डोंगरमाथ्यावर वनकुसवड्याचे पठार आहे. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असलेल्या या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. वारा म्हणजे काय हे या माणसांना सांगावे लागत नाही. म्हणूनच गाळ्याच्या गच्चीवर घरी बनवलेली छोटी पवनचक्की बसवली तर काय होईल, हा प्रश्न इथे सहज निघतो. विज्ञान प्रदर्शनाची तयारी करणारी मुले तो विचारतात आणि दुकानाबाहेर रात्रभर एक दिवा हवा असलेला व्यापारीही विचारतो.

या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. पहिला यंत्राचा: हाताएवढी पाती आणि नाण्याएवढी चुंबके घेऊन चालणारा अल्टरनेटर घरी करता येतो का? दुसरा जागेचा: त्या यंत्राला लागणारा वारा तिथे आहे का? पहिल्याचे उत्तर कधीच मिळाले आहे आणि ते उत्साह वाढवणारे आहे. आपली बहुतेक मेहनत मात्र त्यातच खर्च होते आणि दुसरा प्रश्न कोणी विचारतच नाही. माझ्या मते या विषयातली जवळजवळ सगळी निराशा तिथून येते.

यंत्राची गोष्ट जुनी आहे. जुलै १८८७ मध्ये स्कॉटलंडमधल्या मेरीकर्क गावी प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी कापडी शिडांची पवनचक्की उभारली आणि तिच्यावर बॅटऱ्या भरून आपल्या घरात दिवे लावले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलंडला चार्ल्स ब्रश यांनी १७ मीटर व्यासाचे चक्र बसवले. ते १२ किलोवॅट देई. १८९१पासून डेन्मार्कमध्ये पॉल ला कूर यांनी पात्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू केला. म्हणजे वाऱ्याच्या विजेची सुरुवातच घरगुती होती, कंपन्या नंतर आल्या. आपल्या काळात आफ्रिकेतल्या मलावीत विल्यम कामक्वाम्बा या शाळकरी मुलाने २००१-०२च्या दुष्काळात, फी भरता न आल्याने शाळा सुटलेली असताना, वाचनालयातल्या पुस्तकावरून पवनचक्की बनवली. त्यासाठी त्याने ट्रॅक्टरचा पंखा, सायकलची चौकट, सायकलचा डायनामो आणि तापवून सपाट केलेल्या प्लास्टिक पाइपची पाती वापरली. घरात दिवे लागले. त्याची कथा जगभर गेली, पण त्याच्या गावात चांगला वारा वाहत होता, हा तपशील सांगताना बहुधा गळतो.

घरगुती रचनेला आजचे रूप दिले ते ह्यू पिगट यांनी. स्कॉटलंडमधल्या स्कोराइग या वस्तीपर्यंत रस्ता जात नाही. बोटीने जावे लागते, नाहीतर चालत. वीजवाहिनीही तिथे नव्हती. १९७०च्या दशकात तिथे राहायला गेलेल्या पिगट यांनी आधी गाड्यांच्या ब्रेक ड्रमपासून जनित्रे केली. मग स्वस्त निओडायमियम चुंबके मिळू लागल्यावर त्यांनी चपट्या तबकडीचा अल्टरनेटर घडवला. त्यांच्या पद्धतीची यंत्रे आज अनेक देशांत गावच्या कार्यशाळांत होतात. आपल्याकडे ऑरोव्हिलच्या मिनवायू या गटाने ती बनवायला शिकवली आहेत. निओडायमियम चुंबक १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानची सुमितोमो आणि अमेरिकेची जनरल मोटर्स यांनी स्वतंत्रपणे शोधले. जुन्या लाउडस्पीकरमधल्या काळ्या फेराइट चुंबकाची ताकद साधारण ०.४ टेस्ला, तर याची १.२च्या आसपास. एवढ्या फरकामुळे लोखंडी गाभ्याशिवाय, नुसत्या तांब्याच्या वेटोळ्यांतून कामापुरती वीज काढणे घरच्या टेबलावर शक्य झाले.

हा अल्टरनेटर कसा असतो ते नीट पाहायला हवे, कारण एकदा तो हाताने केला की विजेबद्दलची बरीच धूसर समजूत स्पष्ट होते. लोखंडी तबकडीवर आठ गोल चुंबके चिकटवायची, एकाआड एक उत्तर आणि दक्षिण ध्रुव वर करून. समोर दुसरी लोखंडी तबकडी. दोहोंच्या मधल्या फटीत सहा वेटोळी रेझिनमध्ये ओतून बसवायची. ती स्थिर राहतात, तबकड्या फिरतात. आठ चुंबकांना सहा वेटोळी असल्याने तीन फेज मिळतात, प्रत्येक फेजला दोन वेटोळी. २० मिलिमीटर व्यासाची चुंबके आणि २८ गेजच्या इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे प्रत्येकी २०० वेढे धरले, तर मिनिटाला ३०० फेऱ्यांना एका वेटोळ्यात सव्वा व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो. फेज स्टार पद्धतीने जोडून डायोडच्या ब्रिजमधून काढले की बाहेर साधारण पाच व्होल्ट डीसी येतो, तोही काहीही जोडलेले नसताना. फेऱ्या निम्म्या झाल्या तर दाबही निम्मा होतो. ब्रिजमधले दोन डायोड मात्र आपला १.४ व्होल्टचा वाटा तसाच घेतात, त्यामुळे हाती जेमतेम पावणेदोन व्होल्ट उरतात. त्यावर पांढरा एलईडीही लागत नाही. छोट्या यंत्रात साध्या सिलिकॉन डायोडऐवजी शॉटकी डायोड घालावेत ते यासाठी, ते ०.३ ते ०.४ व्होल्टवर भागवतात.

वेढे वाढवले की दाब वाढतो, म्हणून नवशिके बारीक तारेचे हजार वेढे घालतात. तिथे दुसरा हिशेब आडवा येतो. वरच्या वेटोळ्यात साधारण २० मीटर तार जाते आणि तिचा रोध ३ ओहम भरतो. तार निम्म्या जाडीची घेतली तर तेवढ्याच लांबीचा रोध चौपट होतो आणि काढलेली वीज वेटोळे गरम करण्यातच संपते. वाइंडिंगच्या दुकानात गेलात तर तार वजनावर मिळते आणि दुकानदार पहिला प्रश्न गेजचाच करतो. त्या प्रश्नाचे उत्तर घरून ठरवून जावे.

सगळेच मुळापासून करायची गरज नाही. तयार वस्तूंतून निवड करताना मी तीन गोष्टी तपासतो: कमी फेऱ्यांत किती दाब मिळतो, हाताने फिरवताना अडखळते का आणि बेअरिंग बाहेर टिकेल का. खेळण्यातली डीसी मोटर पहिल्याच कसोटीत पडते. ती हजारो फेऱ्यांसाठी केलेली असते. सहाशे फेऱ्यांना तिच्यातून व्होल्टचा काही भागच येतो. जुन्या प्रिंटरमधली स्टेपर मोटर याच्या उलट. एका फेरीला २०० पावले टाकणाऱ्या या मोटरमधून दर फेरीला ५० आवर्तने निघतात, म्हणून हाताने हळू फिरवली तरी एलईडी चमकतो. पण तिच्या दातांचा चुंबकीय ओढा मोठा असतो. छोटे चक्र मंद वाऱ्यात तो ओढा तोडून सुरूच होत नाही. सायकलचा डायनामो ६ व्होल्ट, ३ वॅटचा; मजबूत असतो, पण त्याला वेगाने फिरवणारा टायर लागतो. गाडीचा अल्टरनेटर या कामी घेऊच नये. हजारावर फेऱ्या झाल्याशिवाय तो भरीव काही देत नाही आणि चुंबकत्व तयार करायला आधी बॅटरीतूनच वीज खातो. हार्ड डिस्कची चुंबके भक्कम असली तरी त्यांच्या एकाच बाजूवर दोन्ही ध्रुव असतात, त्यामुळे तबकडीवर मांडताना घोटाळा होतो.

या सगळ्यांत दुर्लक्षित राहिलेली आणि मला सर्वांत आवडणारी वस्तू म्हणजे बीएलडीसी छतपंख्याची मोटर. असा पंखा बंद पडतो तेव्हा पुष्कळदा त्याचे इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलेले असते, तांबे आणि चुंबके शाबूत असतात. मुळातच मिनिटाला तीन-साडेतीनशे फेऱ्यांसाठी बनवलेली, बाहेरून फिरणारी, तीन फेजची ही मोटर कार्डापासून सोडवून फिरवली की ती अल्टरनेटर होते. तिच्यातही थोडी अडखळ आहे, पण मीटरभर व्यासाच्या चक्राला ती जड जात नाही. भंगारात ती मिळू शकते. नाहीतर खाडी ओलांडून मुंबईत लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक सामान आणि लोहार चाळीत विजेचे सामान मिळतेच.

पात्यांचे काम अल्टरनेटरच्या गतीशी जुळायला हवे. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप लांबीत कापला की त्याची मूळ गोलाई पात्याला आयता बाक देते, म्हणून जगभर हौशी लोक तो वापरतात. ३० सेंटिमीटर व्यासाचे तीन पात्यांचे चांगले चक्र सेकंदाला चार मीटर वाऱ्यात मिनिटाला हजाराच्या आसपास फेऱ्या घेऊ शकते. त्याच व्यासाचे सॅव्होनियस चक्र, म्हणजे तेलाचा डबा उभा चिरून दोन अर्ध्या बाजूंना सरकवलेला, तेवढ्याच वाऱ्यात दोनशेच फेऱ्या घेते. फिनलंडच्या सिगुर्ड सॅव्होनियस यांनी १९२०च्या दशकात मांडलेली ही रचना वाऱ्यातली ऊर्जा कमी पकडते, पण वारा कुठल्याही दिशेचा चालतो, चक्र सहज सुरू होते आणि शाळेतल्या मुलाच्या हाताने दुपारभरात तयार होते. भोवऱ्यांनी भरलेल्या वाऱ्यात, म्हणजे बाजाराच्या गच्चीवर, मी पहिले यंत्र हेच करायला सांगेन.

आता वाऱ्याकडे. वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात त्यातली शक्ती वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट. उलट बाजूने वाचले तर वेग निम्मा झाला की सात अष्टमांश शक्ती गेली. ६० सेंटिमीटर व्यासाच्या चक्रातून सेकंदाला तीन मीटर वेगाचा वारा जातो तेव्हा त्यात अवघी साडेचार वॅटच्या आसपास शक्ती असते. अल्बर्ट बेट्झ यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले की त्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त कोणतेही चक्र घेऊ शकत नाही. घरची पाती २५ टक्के घेतात तेव्हा ती चांगली जमली असे समजावे. पुढे तांबे, डायोड आणि बेअरिंगचा हिस्सा वजा करून हाती अर्धा वॅट येतो. तीन मीटर म्हणजे पाने सळसळतील आणि चेहऱ्याला झुळूक जाणवेल एवढा वारा. तो अखंड चोवीस तास वाहिला तर दिवसाचे १२ वॅट-तास. ५,००० एमएएचच्या एका मोबाइलच्या बॅटरीत १९ वॅट-तास मावतात. प्रत्यक्षात वारा कमीजास्त होतो आणि जोराच्या झुळुकांमुळे एकूण ऊर्जा सरासरीच्या घनापेक्षा बरीच जास्त, कधी जवळजवळ दुप्पटही भरते. पण झुळूक आली आणि चक्र वेग घेईपर्यंत गेली, असे छोट्या यंत्राच्या बाबतीत नेहमीच होते. सहा मीटर वाऱ्यात तेच यंत्र पाच वॅट देईल. देवगडचा सडा आणि वनकुसवड्याचे पठार यांचे सारे महत्त्व या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात आहे.

एपीएमसीची जागा या हिशेबात कशी आहे? बाजार समितीची स्थापना १९७७ची. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१मध्ये मुंबईतून इथे आला, धान्य आणि मसाल्याचे १९९१मध्ये, फळे आणि भाजीपाल्याचे १९९६मध्ये. ट्रक थेट धक्क्याला लागावेत, माल उतरावा आणि पुढे जावा, या सोयीने गाळ्यांच्या लांब ओळी बांधल्या गेल्या. खालच्या रस्त्यांवर सतत वाहने आणि गोण्यांच्या थप्प्या, वर सपाट गच्च्या, त्यांवर पाण्याच्या टाक्या, पत्र्याचे आडोसे, होर्डिंगचे सांगाडे. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे आधी मुंबई ओलांडतात, मग ठाण्याची खाडी, मग वाशीच्या इमारती. रात्रीचे मतलई वारे पारसिकच्या डोंगराकडून येतात आणि ते मुळातच दुबळे असतात. जून ते ऑगस्ट हा नैऋत्येच्या वाऱ्याचा काळ वेगळा, तेव्हा गच्चीवर खरा जोर जाणवतो. पण इमारतीच्या कडेवर आदळलेला वारा वर उचलला जातो आणि गच्चीलगत भोवरे सोडतो. छोट्या पवनचक्क्यांचा सर्वमान्य नियम असा की आजूबाजूच्या शंभर-दीडशे मीटरांतल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर किमान दहा मीटर चक्र हवे. बाजारात हा नियम पाळायचा तर गच्चीवर मनोरा उभारावा लागेल. तो परवानगीच्या, वजनाच्या आणि पावसाळी वादळाच्या दृष्टीने गाळेधारकाच्या आवाक्यातला नाही.

हे केवळ तर्काने मांडलेले भय नाही. ब्रिटनमध्ये २००७-०८ साली वॉरिक विंड ट्रायल्स या प्रयोगात इमारतींवर बसवलेल्या २६ छोट्या पवनचक्क्यांची मोजणी झाली. ही घरी केलेली यंत्रे नव्हती, कारखान्यात बनलेली होती. क्षमतेच्या मानाने त्यांनी सरासरी ०.८५ टक्केच वीज दिली. बंद ठेवलेला काळ वगळला तरी आकडा ४.१५ टक्क्यांवर थांबला. काही ठिकाणी तर यंत्राच्या इलेक्ट्रॉनिक भागांनी खाल्लेली वीज तयार झालेल्या विजेपेक्षा जास्त होती. ब्रिटन आपल्यापेक्षा अधिक वाऱ्याचा देश आहे. तरीही घरांच्या छपरांवर हे घडले, म्हणून गच्चीवरच्या पवनचक्कीची जाहिरात पाहताना मी आधी मनोऱ्याची उंची पाहतो.

बाजारात ऐकू येणाऱ्या काही कल्पना इथेच तपासून घ्याव्यात. ट्रकच्या झोतावर चक्र लावावे, असे कोणी सुचवते. बाजाराच्या रस्त्यांवर ट्रक रांगत चालतो, त्याचा झोत क्षणभराचा असतो आणि चक्र सुरू होण्याआधी विरतो. आंबा पिकवण्याच्या किंवा थंड साठवणीच्या खोल्यांच्या पंख्यांपुढे चक्र ठेवले तर ते नक्की फिरेल. पण ती ऊर्जा त्या पंख्याच्या वीजबिलातूनच आलेली असते आणि पुढचा अडथळा पंख्याचे मूळ काम बिघडवतो. पत्र्याच्या शेडवर फिरणारे चकचकीत टर्बो व्हेंटिलेटर पाहून तिथे अल्टरनेटर जोडण्याचा मोह होतो. त्यांची फिरकी हलकी आणि कमी ताकदीची असते. तिच्यावर विजेचा भार टाकला की ती मंदावते आणि गोदामातली कोंदट हवा आतच राहते. तिन्ही कल्पनांमागचे निरीक्षण चांगले आहे, पण हलणारी प्रत्येक हवा मोकळी ऊर्जा नसते.

सौर पॅनेलशी तुलना करणेही भाग आहे. १० वॅटचे छोटे पॅनेल नवी मुंबईच्या उन्हात चांगल्या दिवशी ४० वॅट-तासांच्या जवळ जाते, त्यात काही फिरत नाही आणि काही झिजत नाही. गाळ्याबाहेर दिवा हवा असेल त्याने पॅनेलच घ्यावे, हे मी निःशंकपणे सांगतो. पवन आणि सौर एकत्र जोडण्याच्या योजनेला आपल्याकडे अर्थ आहे, कारण जुलैत आभाळ भरून येते तेव्हाच वारा वाढतो. अशा छोट्या पवन-सौर संचांना महाऊर्जा या सरकारी संस्थेने राज्यात चालना दिली. त्यांचे यशही जागेवरच अवलंबून असते. पठारावरच्या किंवा किनाऱ्यावरच्या शाळेला ते शोभतात.

मग घरी केलेल्या अल्टरनेटरचे इथे काम काय? शिकणे, हे पहिले. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करता करता विज्ञान कळते या विश्वासावर. आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून मोटर आणि जनित्रे करून दाखवली ती याच मार्गाने. तीन फेजची टोके एकमेकांना जोडल्यावर चक्र एकदम जड का होते, हे ज्या मुलीने स्वतःच्या बोटांनी अनुभवले तिला लेन्झचा नियम पाठ करावा लागत नाही. तोच अनुभव पुढे ब्रेक म्हणून उपयोगी पडतो: वादळाच्या दिवशी तिन्ही फेज शॉर्ट करून चक्र आवरता येते.

दुसरे काम मला त्याहून मोलाचे वाटते. अल्टरनेटरची आवर्तने फेऱ्यांच्या थेट प्रमाणात असतात, म्हणून भार न लावलेला छोटा अल्टरनेटर हा आपोआप वारामापक असतो. वर ज्या घनाच्या हिशेबाने सगळे ठरते, तो हिशेब करायला लागणारा एकमेव आकडा, म्हणजे या गच्चीवरच्या वाऱ्याचा वेग, तो देऊ शकतो. बॅटरी भरायला निरुपयोगी ठरलेले अर्ध्या वॅटचे यंत्र या कामी पुरून उरते. त्यासाठी हलके, न अडखळणारे, गाभ्याशिवायचे यंत्र घ्यावे. किती वेगाला किती आवर्तने हे आधी ठरवायला पहाटे वारा पडलेला असताना सेक्टरातल्या रिकाम्या रस्त्यावर मोटरसायकलवर मागे बसून ते काठीवर वर धरावे, फोनवरच्या जीपीएसने ताशी १८ आणि ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ आणि १० मीटर, वेग धरून मल्टिमीटरवर आवर्तने लिहून घ्यावीत. तोच रस्ता उलट दिशेने करून दोन्हींची सरासरी काढावी.

मग दोन यंत्रे गच्चीवर लावावीत: एक कठड्याच्या उंचीवर, दुसरे त्याच जागी तीन-चार मीटर उंच पाइपावर. दोन्हींच्या नोंदींतल्या फरकावरून उंचीने किती मिळते ते कळेल आणि मनोऱ्याचा खर्च करायचा की नाही याचे उत्तर अंदाजाविना मिळेल. निओडायमियमवरचा निकेलचा मुलामा खाडीच्या खाऱ्या हवेत कडेने सुटतो, म्हणून चुंबकांवर रेझिनचा हात फिरवावा. बेअरिंग रबरी झाकणाचे घ्यावे आणि खाली माणसे वावरतात हे लक्षात ठेवून प्रत्येक पात्याला वेगळी तार बांधावी. मेअखेर यंत्रे चढवली तर नैऋत्येचा वारा पहिल्यापासून नोंदीत येतो. त्या नोंदी ऑक्टोबर उलटेपर्यंत चालू ठेवाव्यात, कारण पावसाळ्यातला जोर पाहून घेतलेला निर्णय ऑक्टोबरच्या पडलेल्या वाऱ्यात महाग पडतो.